पीसी रखडतोय: नवा भाग विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. दिसल्यावरही माउस नुसता फिरतो, उघडत काहीच नाही. ब्राउझरचे आठ-दहा टॅब झाले की सगळं गोठतं. गेम पहिली पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो आणि मग अडखळायला लागतो. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी फ्रेम्स, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं, होती तेवढीच. पंखे सतत घोंघावतात. रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद केलं की सकाळी तारीख भलतीच दाखवतो. किंवा विंडोज ११ सांगतं की हा पीसी चालणार नाही.

चिपळूणला आमच्या ओळखीत कोणाचा पीसी रखडला की तो माझ्या टेबलावर येतो. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षं हे करतेय. येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो: "प्रोसेसर बदलू, की सगळाच नवा घेऊ?" बहुतेक वेळा दोन्ही करावं लागत नाही. प्रोसेसर काही म्हातारा होत नाही. दहा वर्षांपूर्वी तो जेवढं काम उरकायचा तेवढं आजही उरकतो. पीसी रखडतो तो एखाद्या जागी अडल्यामुळे. ती जागा म्हणजे डिस्क, रॅम, उष्णता, केबल नाहीतर एखादी सेटिंग. ती न शोधता महागडा भाग घातला तर तो भागसुद्धा तिथेच खोळंबून राहतो. म्हणून खालचा क्रम आधी फुकटातलं, मग शंभर-दोनशे रुपयांचं, मग हजारांचं असा ठेवला आहे. तो कृपा करून मोडू नका.

रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे

हे सांगितलं की लोकांना वाटतं मी टाळतेय. पण विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालूच असते. तुम्ही शटडाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तसेच उचलले जातात. एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तो रोज तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. रोज रात्री पीसी बंद करणाऱ्यांकडेही मी तिथे वीस-पंचवीस दिवसांचा आकडा पाहिला आहे.

पीसी अडतोय तेव्हाचे आकडे लिहून घ्या

टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर तो तसाच राहू द्या. रोजचं काम करा आणि ज्या क्षणी पीसी अडतो त्या क्षणी सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्स) यांतलं कोण शंभराला टेकलंय ते बघा. कागदावर लिहा. पुढचा सगळा निर्णय या चार आकड्यांवर आहे.

डिस्क शंभर टक्के आणि सीपीयू दहा-पंधरा असेल, तर प्रोसेसर नुसता वाट बघत बसलाय. नवा प्रोसेसर तीच वाट जास्त वेगाने बघेल. मेमरी नव्वदच्या वर गेली असेल, तर विंडोज रॅममधला माल डिस्कवर हलवत बसतं. अशा वेळी डिस्कही शंभर दाखवते, पण खरी टंचाई रॅमची असते. गेममध्ये जीपीयू पंचाण्णवच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय, आणि वेग हवा असेल तर बदल तिथेच. जीपीयू पन्नास-साठवर घुटमळतोय आणि तरी फ्रेम्स कमी आहेत, तर अडसर प्रोसेसरचा, रॅमचा किंवा सेटिंगचा आहे. इथे एक खाचखळगा आहे. सीपीयूचा एकूण आकडा चाळीस दिसतो, पण प्रोसेसरच्या आतल्या अनेक कोअरपैकी, म्हणजे काम उरकणाऱ्या हातांपैकी, एकच शंभराला चिकटलेला असतो. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं की तो दिसतो.

सगळेच आकडे कमी आणि फक्त वेबसाइट हळू उघडत असतील, तर दोष इंटरनेटकडे आहे. त्याचं खाली सांगते.

केबल कुठे जोडलीय?

गेल्या दिवाळीत शेजारचा बारावीतला मुलगा आला, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. दोन वर्षं साठवलेले पैसे घालून त्याने ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं आणि गेम पहिल्यासारखाच धडपडत होता. "ताई, दुकानदाराने मला खोटं कार्ड दिलंय." मी पीसी भिंतीपासून पुढे ओढला. मॉनिटरची एचडीएमआय वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डच्या खाचेत होती. खाली आडव्या पट्टीत कार्डाची चार तोंडं होती, त्यांवरच्या रबरी टोप्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवरून येत होतं. केबल एक वीत खाली आणली, एवढंच. दुकानदाराचा काही दोष नव्हता.

हे मी आजवर चार वेळा पाहिलंय, त्यात एक मॉनिटर तर ऑफिसमधल्या डिझायनरचा होता. म्हणून आधी पाठीमागे बघा. त्यानंतर 'डिस्प्ले'च्या सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते, बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालताना मला वारंवार दिसतो, कारण विंडोज तो आपणहून नेहमी वाढवत नाही.

इंटरनेटची केबलही इथेच बघून घ्या. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसला तर केबल संशयित. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यामुळे एक तार तुटली तरी पुष्कळदा जोडणी बंद पडत नाही, गुपचूप दहापट खाली उतरते. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलमध्ये काम होतं. वाय-फायवर असाल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झला जोडून बघा.

पाठीमागे काय काय चाललंय

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये जे ओळखीचं आणि बिनकामाचं आहे ते 'डिसेबल' करा. अनोळखी असेल ते नाव शोधून मगच. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, दोघं एकाच फाइलवर तुटून पडतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी करा. विंडोजला अपडेटसाठी आणि रॅमचा माल ठेवण्यासाठी ती लागते. एसएसडीलाही (फिरणारी तबकडी नसलेल्या डिस्कलाही) लिहिण्यासाठी मोकळे कप्पे हवे असतात, ते नसले की तिचा वेग पडतो.

काहीच उघडलेलं नसताना पंखे घोंघावत असतील आणि घरात कोणी फुकटातलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर किंवा गेम घातला असेल, तर विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन चालवा. अशा फाइल्समधून तुमच्या मशीनची ताकद वापरून दुसऱ्या कोणासाठी बिटकॉइनसारखं डिजिटल चलन कमावणारे प्रोग्रॅम येतात. आपण टास्क मॅनेजर उघडला की त्यातले काही दबा धरतात आणि बंद केला की परत चालू होतात.

बायोसमधल्या दोन गोष्टी

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याच्या आत जाण्याआधी एक काम न चुकता करा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, एन्क्रिप्ट असेल तर तिची रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. बायोसमध्ये बदल केल्यावर पुढच्या वेळी तीच की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर आपल्याच फाइल्सना आपण मुकतो.

पहिली गोष्ट रॅमचा वेग. डब्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बऱ्याच बोर्डांवर आपोआप २१३३ किंवा २४०० वर धावते. 'एक्सएमपी' नावाचं प्रोफाइल चालू केलं की ती छापील वेगाला येते. एएमडी प्रोसेसरच्या काही मदरबोर्डांवर त्याला 'डीओसीपी' म्हणतात, डीडीआर५ मध्ये 'एक्स्पो'. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या शेजारीशेजारी खुपसलेल्या नाहीत ना तेही बघा. चार खाचांच्या बोर्डावर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही मार्ग एकदम वाहतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला याचा सर्वांत जास्त फायदा होतो, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

दुसरी गोष्ट विंडोज ११. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारे निम्मे लोक याच भीतीने येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारा सुरक्षा-भाग) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाच परकं सॉफ्टवेअर अडवणारी सेटिंग) लागतं, आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा. त्या काळातल्या असेंबल केलेल्या पुष्कळ पीसींमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतं, फक्त बंद असतं. इंटेलच्या बायोसमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीत 'एफटीपीएम' शोधा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या. २०१८ साली घेतलेला आमच्या काकांचा पीसी 'टाकाऊ' ठरवून त्यांना साठ हजारांचं कोटेशन हातात दिलेलं होतं. ही एक ओळ चालू केल्यावर तो विंडोज ११ वर गेला.

मात्र विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने, एमबीआर डिस्कवर घातलेलं असेल, तर नुसतं सिक्युअर बूट चालू करून पीसी उठणार नाही. आधी डिस्क जीपीटीत बदलावी लागते. हे वाक्य परकं वाटत असेल तर इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा. डेटा गमावण्याची पहिली खरी जागा हीच.

प्रोसेसर त्याहून जुना असेल तरी पीसी फेकू नका. पत्रं, हिशेब, यूट्यूब, बँकेचं संकेतस्थळ एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट त्यावर छान चालतं, मराठी टायपिंगसकट.

झाकण उघडायचं

वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग ब्लोअर किंवा मऊ ब्रश. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने तो नको इतका फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत जमलेली राखाडी लोकर निघाली की गेम वीस मिनिटांनी अडखळण्याची तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. अडखळणं म्हणतात ते हेच. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट साधन लावून साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं तापमान लिहून ठेवा.

कोकणातली एक खास गोष्ट. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की रॅमच्या सोनेरी दातांवर पुटं चढतात. पीसी सुरूच न होणं, तीन बीप देणं, मधेच निळा स्क्रीन दाखवणं हे सगळं त्यातून येतं. रॅम काढा, साधं पांढरं खोडरबर दातांवरून एकाच दिशेने हळू फिरवा, चुरा झटका, दोन्ही बाजूंचा 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या 'मेलेल्या' पीसींपैकी कितीतरी पाच रुपयांच्या खोडरबराने उठले आहेत. तारीख विसरणाऱ्या पीसीला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलला की झालं. फक्त एक सांगते, सेल काढला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, तेव्हा वरच्या दोन गोष्टी पुन्हा चालू करा.

धूळ काढूनही तापमान उतरत नसेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल. जुनी पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. एएमडीच्या एएम४ बोर्डावर कूलर सरळ वर उपटू नका. आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे त्याच्या बसायच्या खाचेतून, उपटून कूलरबरोबर वर येतो, पिना वाकतात. लॅपटॉपला पेस्ट लावण्याचं काम पहिल्यांदाच करत असाल तर माझा आग्रह आहे की करू नका, द्या.

आता पैसे: आधी एसएसडी, मग रॅम

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा प्रकार 'एचडीडी' दिसत असेल तर तुमचं उत्तर जवळजवळ नक्की इथे आहे. ते का, हे नीट समजून घ्या, म्हणजे कोणी दुसरंच काही गळ्यात मारणार नाही.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट बघावी लागते. त्याआधी सुईचा हात योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एक तुकडा शोधायला बारा-तेरा, म्हणजे सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी तुकडे. विंडोज उठताना असे हजारो बारीक तुकडे विखुरलेल्या जागांवरून मागतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, ती सेकंदाला हजारो तुकडे देते. म्हणून साधी साटा (हार्ड डिस्कसारख्याच जुन्या जोडणीची) एसएसडी लावली तरी पीसी वेगळाच वाटतो. डब्यावरचे सेकंदाला ५५० विरुद्ध ७००० एमबी हे आकडे मोठ्या सलग फाइलींचे असतात. रोजच्या कामात हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येण्याचा फरक डोळ्यांत भरतो, साटावरून एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान जोडणीवर जाण्याचा फारसा जाणवत नाही. तो व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना कळतो.

एका निवृत्त गुरुजींचा २०१४ चा डेस्कटॉप अशाच अवस्थेत होता. डेस्कटॉप यायला पावणेतीन मिनिटं. अर्ध्या टीबीची एसएसडी घातली, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली (जशीच्या तशी उतरवली), घड्याळ लावलं: बावीस सेकंद. गुरुजींनी तीन वेळा बंद-चालू करून बघितलं. क्लोन केल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नका, महिनाभर कपाटात ठेवा. एम.२ प्रकारची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टी, घेणार असाल तर बोर्डाच्या माहितीपत्रकात ती खाच साटा मानते की एनव्हीएमई हे आधी वाचा. दोन्ही पट्ट्या साधारण सारख्याच दिसतात.

मेमरी नव्वदच्या वर जात असेल तरच रॅम. ८ वरून १६ जीबीवर जाण्याने रोजच्या वापरात फरक पडतो. १६ पुरत असताना ३२ घेऊन काही वाढत नाही, रिकामी रॅम वेग देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, तेव्हा गरज मोजूनच घ्या.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

इथपर्यंत सगळं करून झालं, आकडे पुन्हा लिहिले, आणि अजूनही सीपीयू किंवा जीपीयू शंभरालाच टेकतोय, तर मात्र तुम्हाला खरंच नवा भाग लागतो, आणि तो घेताना मन खाऊ देऊ नका. फोरके व्हिडिओ कापणारे, घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारे, रे ट्रेसिंगचं कार्ड असल्याशिवाय सुरूच न होणारे नवे गेम खेळणारे, यांची गरज खरी आहे. १०८० पी आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरपुढे बसून सर्वांत वरचं कार्ड घेणाऱ्याची नाही. तो मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार.

प्रोसेसर घेताना सॉकेटवर फसू नका. एएमडीच्या एएम४ बोर्डांवर, अगदी २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवरसुद्धा, बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका बसते, म्हणजे बोर्ड आणि रॅम वाचते. इंटेलच्या ११५१ पिनांच्या बाबतीत उलट आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवीचा प्रोसेसर शारीरिकदृष्ट्या मावतो, पण चालत नाही. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय ते काम करू नका. कार्ड घेताना एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) क्षमता आणि तिच्या वायरींची तोंडं आधी बघा. बिनमार्क्याच्या एसएमपीएसवर मोठं कार्ड चढवलं की गेम रंगात आल्यावर पीसी अचानक बंद पडतो.

इथे हात आखडता घ्या

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घराचं अर्थिंग बघायचंय, पीसी नंतर. जळका वास आला किंवा वीज पडल्यावर पीसी मुका झाला, तर एसएमपीएस बदलून घ्या. ती उघडू मात्र नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरते. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.

हार्ड डिस्क 'कट-कट' वाजत असेल तर वरचं काहीही करू नका, स्कॅनसुद्धा नाही. पुन्हा चालू केलं की सुई तबकडी आणखी खरवडते. फोटो हवे असतील तर बंद अवस्थेतच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नाही, पण डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने पिवळा 'कॉशन' दाखवला, तर त्याच संध्याकाळी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे उतरवा आणि मग डिस्क बदला.

दुकानात किंवा तंत्रज्ञाकडे जाताना एक कागद न्या: मदरबोर्डचं नाव, प्रोसेसर, रॅमच्या किती पट्ट्या आणि कोणत्या वेगावर, डिस्कचा प्रकार, एसएमपीएसचे वॅट, साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं तापमान, आणि पीसी अडला त्या क्षणीचे ते चार आकडे. समोरचा तो कागद न वाचताच कोटेशन काढायला लागला, तर कागद घडी करून पुढच्या दुकानात जा.